मी पुसलेली अंगठ्याची खूण

मी तारेचा ब्रश. मिस्त्रींच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून पडलोय. आज मनातलं सांगून टाकतो.

माझं काम सोपं. नव्या लाकडावरून रेषांच्या दिशेनं मला फिरवलं, की कोवळा भाग निघून येतो आणि जून रेषा उठून दिसतात. वर करड्या रंगाचा हात दिला, की कालची खुर्ची पन्नास वर्षांची वाटते. मिस्त्रीणबाई हसायच्या, "मी केस काळे करतेय आणि तुम्ही खुर्च्या पांढऱ्या करताय!"

एकदा एक सूनबाई वारलेल्या सासऱ्यांची खुर्ची घेऊन आल्या. "हिच्यासारख्या पाच करा. पण हिला हात लावू नका हं. आईंना आता दिसत नाही. जप करताना बाबांच्या अंगठ्यानं खुर्चीच्या या हातावर खळगा पडलाय. तो चाचपूनच त्या बसतात."

पाच झाल्या. झाडताना मिस्त्रीणबाईंनी सहाही एका ओळीत लावल्या. मिस्त्री लांबून बघून म्हणाले, "ही एक जरा कमी जमलीय." आणि मला उचललं.

पहिल्याच फटक्याला मला कळलं, ही तर जुनीच खुर्ची. नवं लाकूड तारांना ओढून धरतं. हे गुळगुळीत, शांत होतं. माझी एक तार जरी अडकली असती, तरी मिस्त्री थांबले असते. मी अडकलो नाही. हुकमाचा ताबेदार म्हणून घासत राहिलो. मागून पॉलिशपेपर फिरला. उथळ खळगा तो, उरला नाही.

खुर्ची उलटी केल्यावर गंजके खिळे दिसले, तेव्हा मिस्त्रींना आपली चूक कळली.

"दुसरा खळगा पाडा ना," मिस्त्रीणबाई हळूच म्हणाल्या. "त्यांना कुठे दिसतंय?"

"दिसत नाही म्हणूनच नको."

दुसऱ्या दिवशी सासूसुना आल्या. मिस्त्रींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सूनबाई कडाडल्या, "बजावलं होतं ना मी!"

सासूबाईंनी सहाही खुर्च्यांचे हात चाचपले. बराच वेळ. मग म्हणाल्या, "ओरडू नकोस गं. खरं बोललाय तो. मिस्त्री, त्यांची कुठली, तेवढं सांगा."

त्यांना बसवलं. त्यांचा अंगठा उठलेल्या रेषांवर टेकला आणि हळूहळू फिरू लागला. "त्यांना तीस वर्षं लागली. मी आजपासून जप धरते."

बाबांनो, मला हातात घ्याल तेव्हा आधी लाकडावरून स्वतःचा हात फिरवा. मला बोलता येत नाही.

देवाकडे मी एवढंच मागतो, त्या अंगठ्याला पुरेशी वर्षं दे. पुसणाऱ्याचं मागणं तो ऐकतो की नाही, कुणास ठाऊक. तरी रोज मागतो.