घरच्यांचा रोट

हेमांगीने रोटाचा तुकडा मोडला, क्षणभर डोळे मिटून प्रभूचे आभार मानले आणि तो खिरीत बुडवून तोंडात घातला.

शेजारच्या ताईबाई समोर मांडी घालून बसल्या होत्या. श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीचं सकाळीच विसर्जन झालं होतं. आता तिच्यापुढचा नैवेद्याचा रोट घरातच संपवायचा. भाऊबंदांखेरीज तो कुणाच्या हाती पडत नाही. म्हणूनच हेमांगी दारात अडखळली, तेव्हा ताईबाईंनी तिचं मनगट धरून तिला आत ओढलं होतं.

"तू काय पराई शे का? बस."

नवरा दवाखान्यात होता त्या पावसाळ्यात याच बाईने हेमांगीच्या पोरींना जेवू घातलं, कुशीत निजवलं. तिला नाही कसं म्हणायचं? आणि अन्न ते अन्नच. देणारा एकच, हे हेमांगी पक्कं जाणून होती. खाताना तिचं मन स्वच्छ होतं.

ताईबाई आणखी खीर आणायला आत गेल्या आणि मागच्या दाराशी सावली पडली. झुंबरबाई, प्रार्थनेला येणारी. डाळमिलमधून सुटून थेट आली असावी. भुवयांवर तुरीचा भुसा तसाच होता. हेमांगीच्या दाराला कुलूप दिसलं म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेचं विचारायला इकडे वळली होती. तिने ताट पाहिलं. मग हेमांगीकडे पाहिलं.

"अक्का, रोट शे ना हा?"

हेमांगीने हातातला तुकडा ताटात ठेवला.

बाप्तिस्म्याआधी झुंबरबाईला शिकवायचं काम पाळकांनी हेमांगीवरच सोपवलं होतं. भावाकडचा रोट चालेल का, असं तिने विचारलं होतं. हेमांगीला शाळेत शिकवायला जायची घाई होती. मूर्तीपुढचं नाही खायचं, एवढं सांगून ती मोकळी झाली. त्या श्रावणात साक्रीकडच्या गावी झुंबरबाईने भावासमोर ताट बाजूला सरकवलं. भाऊ, तोताराम, भडकला नाही. मग तू आमच्यातली नाहीस, एवढंच म्हणाला. राखीला ती पुन्हा गेली, तर त्याने दार उघडलं नाही. आजवर उघडलेलं नाही.

"मंग तवय मी का नही खादा?"

झुंबरबाईच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हेमांगीने तांब्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. तेव्हा मी चुकीचं सांगितलं, म्हणावं तर हिचा भाऊ फुकटच तुटला. हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आज माझीच चूक झाली, झुंबरबाई," ती म्हणाली. "हे मी खायला नको होतं. पाप झालं."

झुंबरबाईचा चेहरा सैल झाला. तिने डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्यापलीकडेच उभी राहून डोळे मिटले. अक्काला क्षमा कर बापा, तिचं मन साधं शे, तिला कुणाचं मन मोडवत नही, असं ती हळू आवाजात मागत राहिली. हेमांगीने मान खाली घातली. शेवटी आमेनही म्हटलं.

डोळे उघडले तर आतल्या दारात ताईबाई उभ्या. हातात खिरीची वाटी.

संध्याकाळी येते म्हणून झुंबरबाई हलक्या पावलांनी निघून गेली. ताईबाई खाली बसल्या. वाटी त्यांनी स्वतःच्याच बाजूला ठेवली.

"ताईबाई, मी ते तिच्यासाठी..."

ताईबाईंनी हेमांगीपुढचं ताट ओढून घेतलं. फरशीवर पडलेले कण बोटाने टिपून त्यात टाकले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "घरनाच मानूस खाई."

आणि हेमांगीचा उष्टा तुकडा उचलून त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.