कमानीमागची शाळा

शिक्षण समितीने आमच्या शाळेची स्वागत कमान मंजूर केली, त्याच दुपारी सातवीचा वर्ग अर्धा झाला. भिंत सरकताना दिसली नाही, आवाजही झाला नाही. मी फळ्यावर ‘महाराष्ट्रातील नद्या’ लिहीत होते आणि ‘महाराष्ट्रातील’पाशीच फळा संपला. मुलांनी उठून बाकं भिंतीला टेकवली आणि ती दाटीवाटीने बसली. नद्या मी तोंडी सांगितल्या.

मी नगरपरिषदेच्या या शाळेची मुख्याध्यापिका. नव्या अंदाजपत्रकात आधी काय हवं, असं समितीने मला बोलावून विचारलं होतं. मी आधी खंदारे बाईंचं पद कायम ठेवा म्हटलं. त्या ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवतात, म्हणजे आमच्याकडे एकट्या सानिया तांबोळीला. ती बाईंचे हात वाचते. त्यानंतर मी मुलींसाठी स्वच्छतागृह मागितलं. समितीने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि कमान पहिली घेतली.

मी सभापती डोईफोडे साहेबांकडे गेले, वर्ग अर्धा झाल्याचं सांगितलं. त्यांनी अभियंत्याकडे पाहिलं. जागा कमानीत गेली असणार, असं अभियंता म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

“बाई, कमान रस्त्यावरून दिसते,” साहेब म्हणाले. “सातवीचा वर्ग दिसतो का?”

“त्यात मुलं बसतात, साहेब.”

“बसतायत ना? मग झालं.”

पुढच्या बैठकीत कमानीवरचे दिवे मंजूर झाले. व्हरांडा इतका अरुंद झाला की मुलं एक खांदा पुढे करून चालू लागली. पालकांनी दप्तरं बदलून बारीक घेतली. कोणी तक्रार केली नाही, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. पहिलीतली पोरं तर घरीही तशीच तिरकी चालत होती.

मग कमानीवर समितीच्या सदस्यांची नावं कोरायचं ठरलं. त्यासाठी खंदारे बाईंचं पद रद्द झालं. बाई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आल्या, पण त्यांना जाडी उरली नव्हती. समोरून पाहिलं तर पूर्ण दिसत, साडीची घडीसुद्धा. बाजूने पाहिलं तर तिथे कोणी नसे. वर्गात वारा शिरला की त्या वळत आणि वाक्य अर्ध्यावर नाहीसं होई. सानिया उठायची, त्यांच्या खांद्यांना धरून त्यांना पुन्हा आपल्याकडे वळवायची, मग पुढचं वाचायची. संध्याकाळपर्यंत पोरीचे हात भरून येत. तिचे प्रश्न विचारायचे हात बाईंना धरण्यात अडकले होते. त्या वर्षी तिने एकही प्रश्न विचारला नाही.

मी समितीला हे तीनदा जाऊन सांगितलं. क्रम ठरलेला आहे, आता बदलता येत नाही, असं उत्तर मिळालं.

उद्घाटनाला कमान खरोखर भव्य होती. रस्ताभर खुर्च्या मांडल्या होत्या. कमानीमागे शाळा एका फटीएवढी उरली होती. सकाळी मुलं एकेक करून तिरकी आत गेली होती आणि आतून पाढ्यांचा आवाज येत होता. मला आभार मानायला उभं केलं. मी आभार मानले नाहीत.

“साहेब,” मी माईकवर म्हणाले, “फीत कापलीत. आता शाळा बघा.”

लोक पाहत होते, म्हणून साहेब हसत उठले. मी त्यांचं मनगट धरून त्यांना फटीपाशी नेलं. त्यांनी मुलांसारखाच खांदा पुढे केला. एक हात आत गेला, अर्धा खांदा गेला आणि पोटापाशी ते अडकले. समितीने टाळ्या वाजवल्या. मी त्यांना मागे ओढलं नाही.

“आत कोणीतरी माझा हात धरलाय, बाई,” ते हळूच म्हणाले.

मी फटीला डोळा लावला. सानिया होती. ती त्यांची बोटं एकेक करून उलगडत होती, मिटत होती, प्रश्न विचारायची खूण नीट बसेपर्यंत पुन्हा करत होती. मी मान वर केली. बाहेर राहिलेल्या हातातली कात्री गळून पडली होती, आणि तो हात सगळ्या खुर्च्यांसमोर तीच बोटं त्याच क्रमाने उघडत होता.