कोरा आतेचा आवाज

घागर भरत आली की नळाच्या पाण्याचा सूर जसा चढत जातो, तसा तिचा आवाज वाक्याच्या शेवटाकडे चढत जायचा. मी तो आधी ऐकला. ती मला नंतर दिसली. ऑगस्टमधली कोरडी, सोनेरी सकाळ होती. बॉथेलच्या त्या कार्यालयात मुलांना शाळेत घालायला आलेल्या आईबापांची रांग दारापर्यंत पोचली होती, आणि त्या रांगेच्या पलीकडून, काउंटरच्या काचेमागून, कुणीतरी एका गांगरलेल्या बाईला सांगत होतं की पत्ता बदलला म्हणून शाळा कुठे पळून जात नाही, तुम्ही आधी बसा, पाणी प्या. मी त्या दिवशी रांगेत नव्हते. नवऱ्याच्या व्हिसावर नागपूरहून येऊन काही वर्षं घरात काढल्यावर मला काम करायचं परमिट मिळालं होतं, आणि शाळांच्या या कार्यालयात अर्ध्या वेळेची जागा. माझी खुर्ची त्या आवाजाच्या शेजारी होती.

तिचं नाव कोराझोन. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराची, साठीकडे झुकलेली, ठेंगणी, केस कानामागे घट्ट बसवलेले. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "मला कोरा आते म्हण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात."

मला हसू आलं. आमच्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण, असं मी म्हटलं.

"आणि कोरा म्हणजे?"

"काहीच न लिहिलेला. कागद वगैरे."

"छान आहे," ती म्हणाली. "दिवसभर भरलेलेच कागद बघते मी."

त्या दिवसापासून ती मला इंदाय म्हणू लागली. तिच्या गावच्या भाषेत धाकट्या मुलीला लाडाने तसं म्हणतात. माझं नाव तिला नीट घेता यायचं, तरीही.

इलोइलोमध्ये ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नवऱ्याबरोबर इकडे आली, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी नेवाडात स्थिरावला, आणि ती या काउंटरवर राहिली. वर्ग सुटला तरी वर्गातल्या लकबी सुटल्या नव्हत्या. 'हो' म्हणायचं तर ती मान हलवायची नाही, दोन्ही भुवया क्षणभर वर उचलायची. दिशा दाखवायची तर बोट न उचलता ओठांचा चंबू करून त्या बाजूला वळवायची. नव्याने आलेल्या माणसांना तो इशारा कळत नसे, आणि गंमत म्हणजे त्यांच्या लहान मुलांना तो तत्काळ कळत असे. जगाच्या नाना कोपऱ्यांतून उपटून इथे लावली गेलेली ही मुलं, कुणी तेलुगू बोलणारी, कुणी युक्रेनियन, कुणी अजिबातच न बोलणारी, त्या काचेशी नाक लावून उभी राहत आणि तिच्या स्वरातल्या चढउतारावर हळूहळू सैल होत. तिच्या बोलण्याचा अर्थ त्यांना कळत नसे. त्यात राग नाही, एवढंच कळत असे, आणि परक्या देशातल्या पहिल्या दिवशी तेवढं पुष्कळ असतं. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

कार्यालय बंद झालं की ती गाडीत बसून, गाडी सुरू न करता, घरी फोन करायची. इथली मावळती म्हणजे तिथली उद्याची सकाळ. समोर देवदारांच्या काळ्या रांगेमागे उजेड विझत असायचा आणि फोनमधून कोंबडा आरवलेला ऐकू यायचा. आई नव्वदीला टेकलेली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. धाकटा भाऊ रामोन आईजवळ राहायचा. आईला व्हिडिओचा उपयोग नव्हता, फोटोचा नव्हता. अलीकडे तिचं विस्मरणही वाढलं होतं. मुलीविषयी तिच्यापाशी जे काही शिल्लक होतं ते सगळं त्या आवाजात होतं.

त्या हेमंतात, पानगळ संपून रिमझिमीचे करडे दिवस सुरू झाले तेव्हा, आतेचा आवाज तडकू लागला. आधी दुपारनंतर, मग सकाळीच. थंडी बाधली असेल म्हणून तिने मध घेतला, मफलर गुंडाळला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठ आहे. साधी आहे, पण काढावी लागेल, आणि नंतर काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. आवाज पूर्वीसारखा येईलच असंही नाही.

"माइकशिवाय वर्ग घेतले ना," ती मला म्हणाली, "आता वसुली." आणि भुवया उचलून कामाला लागली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने आईला सगळं समजावून सांगितलं. आईला ते समजलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती ते विसरली.

रजा संपवून आते परत आली ती गळ्यात पुसायची पांढरी पाटी अडकवून. तिला मागच्या टेबलावर बसवलं होतं; फोन माझ्याकडे आला. मौन तिला शोभत नव्हतं. पाण्याविना कारंजं दिसावं तशी ती दिसायची. रचना सगळी जागच्या जागी, फक्त ज्यासाठी ती केली तेच नाही. रामोनचे मेसेज यायचे आणि ती पाटीवर मला लिहून सांगायची: आई जेवत नाही. आई म्हणते, कोरा मेली आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवता. एकदा तिने एवढंच लिहिलं, 'मी जिवंत आहे हे तिला कसं दाखवू?' आणि माझं उत्तर यायच्या आत तळहाताने पुसून टाकलं.

अशा एका सकाळी मी रात्रीतून आलेले निरोप ऐकत होते. कार्यालय बंद असताना फोन आला तर निरोप घेणाऱ्या मशीनवर आतेचाच आवाज लागायचा. तो तिने फार पूर्वी भरून ठेवला होता. 'आमचं कार्यालय आता बंद आहे. तुमचं नाव आणि नंबर सांगा, आम्ही तुम्हाला नक्की फोन करू.' दोन आईबापांचे निरोप झाले आणि मग एक म्हातारा, खरखरीत स्वर अनोळखी भाषेत बोलू लागला. बोलतच राहिला. चुकीचा नंबर लागला असावा असं वाटून मी तो पुसणार, इतक्यात त्या बोलण्यात 'कोरा' हा शब्द आला. मी स्पीकर सुरू केला.

मागच्या टेबलाची खुर्ची सरकली. आते माझ्याजवळ येऊन उभी राहिली, टेबलावर एक हात टेकवून, निरोप संपेपर्यंत. मग तिने पाटीवर लिहिलं: 'आई.'

झालं होतं असं, की आईने हट्टच धरला, कोराच्या ऑफिसात फोन लाव. अडीअडचणीसाठी दिलेला नंबर रामोनकडे होता. तिच्या समाधानासाठी त्याने तो लावला, आणि पलीकडून कोरा बोलली. नाव विचारलं. निरोपाचा तो अर्थ आतेने मला लिहून दाखवला, पाटी दोनदा पुसत: 'नाव काय विचारतेस गं? मी तुझी आई. नंबर मला पाठ नाही, रामोनला विचार. तू बोललीस, बरं वाटलं. आता मी जेवते.'

त्यानंतर रोज सकाळी एक निरोप असायचा. आमची सुपरवायझर ब्रेंडा ही मोजूनमापून बोलणारी बाई, तिने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "ते निरोप शेवटी ऐकायला ठेवत जा. पुसू नका." बाहेर पाऊस नसल्यासारखा पडत असायचा, काउंटर उघडायला थोडा वेळ असायचा, आणि त्या रिकाम्या खोलीत समुद्रापारची सकाळ घुमायची: शेजारणीने पाठवलेली केळी, अंगणात झालेला चिखल, गुडघ्याचं दुखणं. आते ऐकायची, मधूनच खांदे हलवून निःशब्द हसायची. आई तिच्या जुन्या आवाजाशी बोलत होती आणि ती तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, ऐकत उभी होती.

नव्या वर्षात डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आवाज आला, पण दुसराच आला. खालच्या पट्टीतला, जाडाभरडा, वाक्याच्या शेवटी चढायच्या ऐवजी बसणारा. चर्चमधल्या गायकवृंदात तिची जागा बदलली. "आता मी पुरुषांच्या शेजारी उभी राहते," ती म्हणाली. "तिथे पाय पसरायला जागा आहे." काउंटरवर लोकांना फरक कळला नाही, नव्या लोकांना जुना आवाज कुठे माहीत होता? फरक पडला तो गाडीतल्या फोनला. आईने तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि रामोनला म्हणाली, ही कोण बाई? कोराला दे.

दुसऱ्या दिवशी मशीनवर तक्रार होती. आतेने ती मला सांगितली तेव्हा आम्ही दोघी आधी हसलो. 'कोरा, पुरुषी आवाजाची एक बाई तुझं नाव सांगून मला फोन करते. तुझ्या बालपणाचं सगळं तिला ठाऊक आहे. सांभाळून राहा.' हसू थांबल्यावर आते खिडकीकडे वळली. हे मग रोजचंच झालं. संध्याकाळी खरी मुलगी फोन करायची आणि आई तिला दाद द्यायची नाही; फोन ठेवला की मशीनमधल्या मुलीशी पोटभर बोलायची.

वसंत लागला तसं कार्यालयाच्या वेळा बदलायचं ठरलं. मशीनवरचा निरोप नवा करावा लागणार होता. ब्रेंडा स्वतः आमच्या टेबलाशी आली. "कोरा, हे मी करू, की तू करशील? की थोडं थांबूया?"

"मला विचार करू दे," आते म्हणाली.

त्याच आठवड्यात एका दुपारी डबा खाताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आते, जुना निरोप आपण उतरवून घेऊ. माझा नवरा करून देईल. रामोनला पाठव, तो आईला रोज लावून ऐकवेल. काही बिघडत नाही."

तिच्या डब्यात भात आणि चिंचेचं आंबट सार होतं. तिने चमचाभर सार भातावर घेतलं.

"करता येईल," ती म्हणाली. "मग ती त्याच्याशीच बोलत राहील, इंदाय. मी मेले असते तर ते ठीक होतं. मी इथे बसलेय. जेवतेय."

"पण तिने तुला ओळखलंच नाही तर?"

"तर नाही ओळखलं." तिने डबा बंद केला. "पण विचारणारी मी असेन."

त्याच संध्याकाळी तिने निरोप भरला. मी आणि ब्रेंडा दाराशी उभ्या होतो. वाक्यं जवळजवळ तीच. फक्त वेळा नव्या. पहिल्यांदा स्वर फाटला, दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून, एकेक शब्द वर्गात श्रुतलेखन घालावं तसा सुटा करून म्हटला, आणि बटण दाबलं. जुना आवाज गेला. तो कुणी उतरवून ठेवला नव्हता.

सकाळी मी यायच्या आधीच ती फोनपाशी बसली होती, कोट अंगावर तसाच. निरोप सुरू झाला. बराच वेळ फक्त श्वास, मागे कोंबडा, भांड्याचा आवाज. मग म्हातारीने काहीतरी विचारल्यासारखं केलं, थांबली, आणि एकदम तिचा सूर बदलला. भाषा न कळूनही मला तो ओळखता आला, कारण माझी आई त्याच सुरात रागावते. आतेने दोन्ही हात तोंडावर धरले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते..." तिचा नवा आवाज आणखी खाली गेला. "म्हणते, घसा बसलाय तुझा, इंदाय. आलं उकळून पी. त्या ऑफिसात दार उघडं ठेवतात, वारं लागतं. मी सांगितलं होतं."

त्या संध्याकाळी आईने फोनवर तिचं बोलणं ऐकलं आणि आधी आल्याची चौकशी केली. रोजच ओळखलं असं नाही. काही दिवस पुन्हा अनोळखीपणात जायचे, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. पण आता त्यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आतेने निवृत्ती घेतली आणि ती इलोइलोला गेली. जाताना फार काही बोलणं झालं नाही, रांग होती. आई नंतर वर्षभर होती. ती गेल्यावर आतेने मला लिहिलं, 'शेवटी शेवटी मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पण घशाचं रोज विचारायची.'

आता काउंटरवर मी बसते. ऑगस्ट येतो, दारापर्यंत रांग येते, आणि मुलं काचेला नाक लावतात. कधी निवांत क्षणी मी आतेचा तो पहिला आवाज आठवून बघते, पुरावा कुठेच शिल्लक नसलेला. आणि मला नक्की सांगता येत नाही की मला ऐकू येतं ते तिचं आहे की माझं. दूर गेलेल्या माणसाचं बोलणं आपण मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, आणि दर वेळी त्यात त्याचा स्वर थोडा कमी आणि आपला थोडा जास्त होत जातो. काळ जातो तो बहुधा असाच.