पाणी देण्याआधीचा रंग

मंदाने दोन्ही सुऱ्या ऐरणीवर ठेवल्या. एकीच्या धारेचे कपचे उडाले होते, दुसरी टोकाजवळ मोडली होती. मंदा दांडी गावची, बोईसरच्या बाजारात मासे कापून द्यायची. दहा वर्षं ती सालवडच्या खंडेराव लोहाराच्याच सुऱ्या वापरत होती.

"दादा, सुरमय कापताना मोडली. असं कदी झालं नाय."

"लोखंड खराब आलं असंल," खंडेराव म्हणाला. "दुसऱ्या देतो. परवा ये."

ती गेली. भट्टीचा पंखा सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोनं, जमनानं, मोडलेली सुरी उचलून पाहिली. लोखंड नेहमीचंच होतं, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं. पातं शेंदरी झालं की काढायचं आणि तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचं, हे ती तीस वर्षं समोर बसून बघत आली होती. हल्ली तो पातं पार पिवळं होईपर्यंत आत ठेवायचा. इतकं तापलं की पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. त्याच्या डोळ्यांना चष्मा, ऑपरेशन कशाचाच उपयोग नाही असं पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर घरात कोणी पुन्हा बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घडलेली दोन पाती तयार होती. पहिलं निखाऱ्यात गेलं.

"अवो, काढा आता."

"मला शिकवतेस?"

पातं पिवळं झालं, मग त्यानं काढलं. तेलातून भपकन धूर निघाला. गार झाल्यावर त्यानं ते ऐरणीच्या कडेवर हलकंच आपटलं. दोन तुकडे झाले.

तुकडे चाचपत तो गोणपाटावर बसला.

"लाल काय आन् पिवळं काय, मला सगळं एकच दिसतं, जमने."

सकाळपासून घण मारून तिचेही खांदे भरून आले होते. तिनं उठून सांडशी हातात घेतली.

"बसा तुमी. मी काढते."

"भाजशील."

"भाजू दे."

दुसरं पातं निखाऱ्यात ठेवून, शेंदरी रंग त्यावर सगळीकडे सारखा पसरेपर्यंत ती थांबली.

"सरळ उबं बुडव," तो म्हणाला. "आडवं हलवू नको, वाकंल."

तेलाची एक झळ तिच्या मनगटावर आली, पण तिनं हात हलवला नाही. गार पात्यावर खंडेरावनं कानस फिरवली. ती न चावता घसरत गेली, म्हणजे पातं कडक झालं होतं. तो आवाज त्यानं कान देऊन ऐकला आणि मान हलवली. मग ते मोडू नये म्हणून घासून, निखाऱ्यावर धरून थोडं नरम करायचं होतं.

"रंग कसा दिसतो?" त्यानं विचारलं.

"सुकल्या गवतावानी."

"बस. काढ."

मंदा आली तेव्हा एकच सुरी तयार होती. तिनं अंगठ्यानं धार पाहिली. "ही झाली बगा तुमच्या हातची!"

"माजी नाय," खंडेराव म्हणाला. "पाणी हिनं दिलं. आता हीच देईल."

मंदानं जमनाच्या मनगटावरचा फोड पाहिला. "दुसरी सावकाश द्या," एवढंच म्हणाली आणि गेली.

खंडेराव तिथंच आडवा झाला. कित्येक महिन्यांत तो दिवसा असा झोपला नव्हता. आपल्याला बरं वाटेल असं जमनाला वाटलं होतं. पण घरचं सगळं, पंखा, घण, त्यात आणखी एक काम वाढलं होतं. मनगट थंड पाण्यात धरून ती थोडा वेळ नुसती बसून राहिली.