निर्जलनाथाचा काटा

मढच्या माळावर दर अमावास्येला काटा लागायचा. टोमॅटोचे क्रेट तोलायचा लोखंडी काटा, त्याला झेंडूचा हार. रोगी वर चढला की चेला आकडा पुकारायचा, "गेल्या खेपेला सत्तर, आज त्रेसष्ट." गर्दी हात जोडायची. निर्जलनाथ महाराज डोळे मिटून म्हणायचे, "पाप पोटात साचतं, त्याचं पानी व्हतं. माझी विभूती ते वढून घेती. काटा खोटं बोलत न्हाई."

२००७ साली त्या काट्यावर माझा धाकटा भाऊ रत्नदीप उभा राहिला. एसटीत कंडक्टर होता. जुन्या काविळीनं त्याचं यकृत निकामी झालं होतं, पोटात पाणी भरायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी यकृत बदलायचं ठरवलं होतं आणि यकृताचा तुकडा मी देणार होते. माझ्या तपासण्या जुळल्या होत्या. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, "दंडामांड्यांवरचं मांस टिकलं पाहिजे. अंडी, डाळ, दूध खा, रोज चाला. ताकद असेल तरच पेशंट ऑपरेशनमधून उठतो."

महाराजांनी नेमकं तेच बंद केलं. तांदळाची पेज आणि विभूतीच्या पुड्या, बस.

मी तेव्हा घाटघरच्या शाळेत शिकवत होते. सुट्टीत घरी आले तर रत्नदीपनं शर्ट वर केला.

"ताई, पोट बघ किती उतरलं."

पोट उतरलं होतं खरं. पण दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते.

"अंडी खातोस ना?"

"महाराज म्हनले, खाल्लं की पानी परत भरतं. आता ऑपरेशनच लागायचं न्हाई. माझ्यापायी तुझं पोट कशाला फाडायचं?"

मी त्याला तसाच पुण्याला नेला. सर्जननी स्कॅन दाखवला. "नुसतं पाणी गेलं नाही, मांसही गेलंय. मूत्रपिंडांनीही मार खाल्लाय. अशा अंगावर ऑपरेशन केलं तर हा वाचणार नाही. आधी याला सावरू."

तो सावरला नाही, गेला. त्याला द्यायचा तुकडा माझ्याच पोटात राहिला.

मी फार रडले नाही. मला तो महाराज हवा होता.

उरलेल्या पुड्या माझी भावजय यशोधरा हिनं दिल्या. जुन्नरच्या डॉक्टर बुशरांनी त्या तपासून आणल्या. राखेत लघवी वाढवणाऱ्या जालीम गोळ्या कुटून घातल्या होत्या. "हे औषध आम्हीही देतो," त्या म्हणाल्या, "पण मोजून, रक्त तपासत."

पुढच्या अमावास्येला आम्ही तिघी मढला गेलो. मी पुड्या महाराजांपुढे ठेवल्या.

"तुमचीच विभूती. आज आधी तुम्ही घ्या आणि काट्यावर चढा."

"संताच्या पोटात कसलं पाप, बाई?"

"मग वजन घटणारच नाही. भिता कशाला?"

पुढं बसलेली लंकाबाई नवऱ्याला घेऊन आली होती. ती म्हणाली, "घ्या की महाराज. आमी घेतोच की."

सगळे बघत होते. महाराजांनी पुड्या गिळल्या. काट्यावर चौऱ्याऐंशी भरले.

थोड्या वेळानं महाराज मोठमोठ्यानं भजन म्हणू लागले. मग मांड्या आवळून गप्प झाले. मग उठले आणि निवडुंगाच्या कुंपणामागं गेले. परत आले, परत गेले. आधी लोक हसले, नंतर हसू थांबलं. उन्हं कलताना मी त्यांना पुन्हा काट्यावर चढवलं. ब्याऐंशी.

"एवढं पाप होतं होय महाराज?" मी विचारलं.

त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, ओठ सुकले होते. त्यांनी पाणी मागितलं. पेला हातात धरून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. रत्नदीपनंही शेवटी असंच मागितलं होतं. मग दिला.

डॉक्टर बुशरांनी लोकांना पुडीतली गोळी समजावून सांगितली. लंकाबाईनं पदराला बांधलेली पुडी सोडून मातीत ओतली आणि विचारलं, "मग आमच्या मालकास्नी काय खायला घालू?"

निर्जलनाथाचं खरं नाव चिमाजी. त्याच्यावर फसवणुकीचा खटला उभा राहिला. प्रत्येक तारखेला मी त्याच्या समोरच्या बाकावर बसले. तो मान खाली घालायचा, तो वर बघेपर्यंत मी नजर काढत नसे. शेवटी तो तुरुंगात गेला. मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

लोकहो, वजन घटलं म्हणजे रोग गेला असं नाही. काय घटलं ते विचारा: पाणी, चरबी की मांस. आणि जो विचारू देत नाही, त्याच्या हातचं काही खाऊ नका.