जुन्या डिस्कची विल्हेवाट

लालासाहेबांना या कामात मिळायचं होतं ते पाहिलं तर फार नव्हतं. सुनेनं एकदा म्हणावं, "बाबा, तुमच्यामुळं झालं." बस. सगळी नोकरी त्यांनी पलटणीच्या स्टोअरमध्ये लोकांना वस्तू देण्यात आणि परत घेण्यात काढली होती. त्यात आपणहून कुणी त्यांना काही दिल्याचं स्मरणात नव्हतं. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, बायको गेली, आणि कोरेगावाकडचं घर बंद करून सांगलीला विश्रामबागेत मुलाच्या फ्लॅटवर आले, तेव्हापासून तर त्यांच्या वाट्याला एकच हुकूम येत होता: "बाबा, तुम्ही बसा."

मुलगा जयराज सीमेवर. घरात सासरा आणि सून. सून शिवांजली कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची आणि धनगरी ओव्यांवर पीएच.डी. करायची. तिचा लॅपटॉप जयराजनं लग्नाआधी लष्करी कॅन्टीनमधून घेतलेला. बटण दाबून ती कुकर लावायची, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, वाफ जिरायची, तरी पडद्यावर तो गोल फिरतच असायचा.

त्या लॅपटॉपमध्ये धुळाचा आवाज होता. आटपाडीच्या पुढं माळावर राहणारा म्हातारा धनगर. त्याच्याइतक्या ओव्या त्या टापूत कुणाला येत नव्हत्या. शिवांजली वर्षानुवर्षं जाऊन त्याचं गाणं मोबाइलवर टिपून आणायची, लॅपटॉपमध्ये उतरवायची आणि मोबाइल भरला म्हणून तिथलं पुसून टाकायची. मागच्या वर्षी धुळा गेला. त्याची बायको अंबूबाई तेव्हापासून मागं लागली होती, की म्हाताऱ्याचा आवाज आमालाबी द्या. पण शिवांजलीच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, प्रबंध जमा होईपर्यंत मूळ साहित्य बाहेर जाता कामा नये. म्हणून तिनं अंबूबाईला शब्द दिला होता: वर्षश्राद्धाला मी स्वतः घेऊन येते, सगळ्यांना ऐकवते, पेन ड्राइव्हही देते. तोवर प्रबंध जमा होईल असा तिचा अंदाज होता. लॅपटॉपचा अंदाज वेगळा होता.

वर्षश्राद्ध येत्या रविवारी होतं, आणि त्याआधी शिवांजलीला शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी पाचगणीला जायचं होतं. लालासाहेबांनी संधी हेरली.

"सूनबाई, याची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू. सकाळी माझ्यासंगं फिरायला येणाऱ्या सगळ्यांच्या पोरांनी टाकलीय. बटण दाबलं की चालू."

"बाबा, आत्ता नको. आत सगळं आहे."

"आत हाय ते आतच राहतंय. जुन्यातलं नव्यात जसंच्या तसं उतरवतात. तू ये, तोवर पळायला लावतो."

गाडीची वेळ झाली होती. शिवांजली पायात चप्पल अडकवत म्हणाली, "करा. पण काही जाऊ देऊ नका."

"जातंय कुठं?" लालासाहेब म्हणाले.

अमृतचं दुकान कॉलेज रस्त्याला होतं. पोरगा हुशार, पण एका वेळी तिघांशी बोलायची त्याला सवय. लालासाहेबांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले. डोळ्यांसमोर काम होईल, काढलेला भाग परत मिळेल, स्क्रू मोजून घेतले जातील, या तीन अटी त्यांनी आधीच घातल्या.

"काका, स्क्रूचं काय लोणचं घालणार?" अमृतनं विचारलं.

"तू काढ. मी मोजतो."

काम झालं तेव्हा अमृतच्या एका कानाला मोबाइल होता. दुसऱ्या हातानं त्यानं जुनी डिस्क पुढं केली. "काका, नवी डिस्क आकारानं लहान आहे. विंडोज आणि C ड्राइव्हमधलं सगळं घेतलंय. D ड्राइव्ह इतका मोठा आहे की मावत नाही, तो जुन्यातच आहे. ही डब्यात घालून बाहेरून जोडता येते. डबा देऊ का?"

लालासाहेब त्या वेळी जुन्या डिस्कवरचा नंबर वाचत होते, दिली तीच परत मिळतेय ना हे बघायला. कानात शिरला तो एकच शब्द, डबा. स्टोअरच्या माणसाला दुकानदाराचा शेवटचा प्रश्न ओळखू येतो. काम झाल्यावर जो वर आणखी माल सुचवतो, तो फुकट सुचवत नाही.

"डबा नको," ते म्हणाले. "डिस्क दे."

आता लालासाहेबांच्या शिस्तीविषयी सांगायला हवं, कारण घात त्या शिस्तीनंच केला. पलटणीत संगणक बाद झाला, की त्याची डिस्क भंगारात जात नसे. तीन जणांचं मंडळ बसायचं, त्यांच्या देखत डिस्कला भोकं पाडायची, तिघांच्या सह्या घ्यायच्या. कागद शत्रूच्या हाती लागायला नको. हे काम वर्षानुवर्षं लालासाहेबांनीच केलं होतं, आणि त्यात एकदाही चूक निघाली नव्हती. नवी डिस्क चालू झाली म्हणजे जुनी बाद झाली. सुनेचे फोटो, तिच्या विद्यार्थिनींचे पत्ते, सगळं त्यात. ती तशीच कपाटात ठेवणं त्यांना दारूगोळा उशाला ठेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पार्किंगमध्ये स्टूल मांडलं. साक्षीला तळमजल्यावरचे नानासो आले. नानासो साखर कारखान्यातून निवृत्त, वेळ भरपूर.

"गड्या, फोडतोयस कशाला? भंगारवाल्याला दे की."

"तुमी साखरेतली मानसं. तुमच्यात पोतं फाटलं तरी विकतंय."

"आन् तुमच्यात धड असलं तरी फाडतंय."

तिसरा सभासद मिळेना, म्हणून बाल्कनीत कुरडया वाळत घालणाऱ्या नानासोंच्या बायकोला, विजयमालाकाकूंना, 'नुसतं बघत राहा' म्हणून सांगितलं. मग ड्रिल लावलं. आत काहीतरी कडकन वाजलं आणि पुढचं भोक अगदी सहज पडलं. डिस्क हलवून पाहिली तर आत खुळखुळ्यासारखा आवाज. लालासाहेबांनी ती कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि हात धुतले.

शिवांजली शुक्रवारी सकाळीच परतली. बॅग खाली ठेवायच्या आधी लालासाहेबांनी लॅपटॉप समोर सरकवला. तिनं बटण दाबलं आणि पाणी प्यायला वळणार, तोवर पडदा उजळून तयार. ती हसली. "बाबा, तुमच्यामुळं झालं हो हे."

लालासाहेबांनी ते ऐकलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. चेहरा कुणी बघू नये म्हणून.

"बाबा," थोड्या वेळानं आतून हाक आली, "D कुठंय?"

"असंल की तिथंच."

"नाही. प्रबंध आहे, नोट्स आहेत. D दिसतच नाही. धुळाबाबांचं सगळं D मध्ये आहे." ती उठून दारात आली. "जुनी डिस्क दिली ना त्यांनी परत?"

लालासाहेब आत आले. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि पुडकं तिच्या हातात दिलं. कागदाच्या आत काचा वाजल्या. शिवांजलीनं कागद उलगडला, भोकांकडं पाहिलं आणि भोकांतून पलीकडं दिसणाऱ्या फरशीकडं पाहिलं. मग नुसती खुर्चीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं लालासाहेबांना वाटलं.

ते तसेच, घरातल्या कपड्यांवर, अमृतच्या दुकानात गेले. अमृतनं डिस्क कानापाशी धरून हलवली.

"काका, हे काय केलंत?"

"दुरुस्त कर. लागंल ते घे."

"आत काचेची तबकडी असते. भुगा झालाय तिचा."

"पुण्याला न्यायचं का? मुंबईला? माझ्या वळखीचा कर्नल हाय, दिल्लीला न्यायची सोय करतो."

"काका, दिल्लीत तरी काच कशी जोडणार?"

"आरं, पर तू सांगायचं तरी."

"सांगितलं की. D जुन्यातच आहे म्हटलं, डबा देऊ का म्हटलं. तुम्ही म्हणालात, डबा नको."

लालासाहेबांना ते शब्द आत्ता ऐकू आले, सगळेच्या सगळे, स्वच्छ. तरी ते दिवसभर फिरत राहिले. मिरजेतल्या दोन दुकानांत, एका बँकेच्या संगणकवाल्याकडं, नात्यातल्या इंजिनियर पोराकडं. जो तो डिस्क कानापाशी धरायचा, हलवायचा आणि परत द्यायचा. शेवटी त्यांनीच ती हलवणं बंद केलं. इकडं शिवांजलीनं मोबाइल उलटासुलटा केला. ऑनलाइन साठा जयराजच्या फोटोंनी केव्हाच भरला होता. ओवी एकही नव्हती.

शनिवारी ती म्हणाली, "मी फोन करून सांगते, जमत नाही म्हणून."

"न्हाई. तोंडावर जाऊन सांगायचं. आन् सांगनार मी," लालासाहेब म्हणाले.

रविवारी त्यांनी बिल्ले लावलेला पलटणीचा ब्लेझर चढवला. कबुली द्यायला जाताना बिल्ले कशाला, हे शिवांजलीच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं विचारलं नाही. दोघं एस.टी.त शेजारी बसले. आटपाडी सोडल्यावर माळ लागला तसे लालासाहेब घामाघूम झाले, पण ब्लेझर काढला नाही.

धुळाच्या घरापुढं मांडव घातला होता. पैपाहुणे बसले होते. धुळाच्या मुलानं, मल्हारनं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोठा स्पीकर जोडून ठेवला होता आणि त्याच्यासमोर अंबूबाईसाठी घोंगडं अंथरलं होतं. शिवांजलीला बघून म्हातारी उठली.

"आली माझी बाई. मल्हाऱ्या, वायर दे त्यास्नी."

लालासाहेब पुढं झाले. दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून सावधान उभे राहिले. "बाई, तुमच्या मालकांचा आवाज माझ्या हातनं गेला. सुनंचा दोष न्हाई. डिस्क मी फोडली. आवाज आतच हुता, ते मी बघितलं न्हाई."

अंबूबाईला कळायला वेळ लागला. "फोडली म्हंजी? परत व्हनार न्हाई?"

"न्हाई."

"मंग आता त्यो बोलायचा न्हाई म्हना की."

मल्हारनं वायर गुंडाळायला घेतली. मान वर न करता तो म्हणाला, "आवं बाई, आई किती बारी म्हनली, येक ओवी तरी माझ्या मोबाइलात घाला. तुमी म्हनला, सर रागावत्यात."

"हो," शिवांजली म्हणाली.

"मंग सरांकडं तरी आसंल की."

"सरांनी ऐकलंच नाही कधी. त्यांनी मी टाइप केलेलं वाचलं."

"म्हंजी कागदावर हाय न्हवं?" अंबूबाई म्हणाली. "मंग वाचा. जमलीत मानसं."

शिवांजलीनं पिशवीतून कागद काढले. तिचा आवाज कॉलेजातला, शब्द मात्र धुळाचे. माळ, चुकलेली मेंढी, तिला हुडकत गेलेला धनगर. अंबूबाई गुडघ्यावर बोटानं ताल धरून ऐकत होती. एका जागी बोट थांबलं.

"हितं त्यो थांबला हुता. मला हाक मारली हुती. 'अंबे, च्या टाक, नरडं सुकलं.' तुमीबी हसला हुता, बाई. ते वाचा."

शिवांजली कागदाकडं बघत राहिली.

"काय लिवलंय तितं?"

"व्यत्यय."

"म्हंजी?"

"म्हणजे... गाण्याच्या मध्ये आलेलं दुसरं काहीतरी."

"त्येच ऐकायचं हुतं मला," अंबूबाई म्हणाली. "ओव्या तर मल्हाऱ्याबी म्हनतोय." मग पदरानं तोंड पुसून ती लालासाहेबांकडं वळली. "सायेब, उबं का? बसा. जेवून जावा."

लालासाहेब बसले. ताटात काय वाढलं होतं ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही. आपल्याला कुणी शिव्या का घालत नाही, एवढंच ते जेवणभर शोधत होते.

हिशेब करायचा तर असा. प्रबंध पुढच्या महिन्यात जमा झाला; लॅपटॉप खरोखरच पळत होता आणि टाइप केलेलं सगळं C मध्ये शाबूत होतं. सर खूश झाले, मूळ साहित्य कुणी मागितलं नाही. अमृतला लालासाहेबांच्या इमारतीतून आणखी गिऱ्हाइकं मिळाली, नानासोंना सांगायला एक किस्सा मिळाला. शिवांजलीनं मनाला लावून घेतलं, लालासाहेबांनी तर फारच. पण सुनेनं त्यांना बाबा म्हणणं सोडलं नाही, म्हणजे दोघांचं फार काही गेलं असं म्हणता येत नाही. किंमत मोजली ती अंबूबाईनं, एकटीनं. या सगळ्यात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिनं मागितलं होतं ते फक्त ऐकायला.