आधार मेळाव्यातला अंधार

चिमणीचं नाव चिमणी ठेवलं तिच्या आत्यानं. तेव्हा ती पाळण्यात होती आणि मोठी झाल्यावर घरभर चिवचिवेल अशी सगळ्यांची समजूत होती. आठ वर्षांची झाली तरी ती मोजकंच बोलायची, तेही स्वतःला वाटलं तर. ट्यूबलाइटची घरघर तिला छळायची. मिक्सर लागला की ती पलंगाखाली. मात्र आईच्या दुकानात तासन्‌तास शांत बसायची. आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिथल्या जुन्या जॅकेटांच्या चेनी लावायच्या नि उघडायच्या, एवढ्यावर चिमणीचं जग चालत होतं.

या देशात येऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. शाळेनं डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी चिमणीकडे एकदा आणि घड्याळाकडे दोनदा पाहिलं.

"घरात तुम्ही तुमची भाषा बोलता, बाहेर ती आमची ऐकते. पोरीचा गोंधळ उडतो. घरी फक्त इथलीच भाषा बोला."

डॉक्टरच ते, त्यांचं ऐकायलाच हवं. अडचण एकच होती. आईला इथली भाषा दुकानापुरती यायची आणि बाबांना बस डेपोपुरती. ते तिथे बस धुवायचे आणि रांगेत लावायचे. त्यामुळे त्या घरातली माया कामावरच्या शब्दांत बोलू लागली. चिमणीला कुशीत घेऊन आई गोड आवाजात विचारायची, "कमरेत सैल होतंय का?" बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणायचे, "मागे घ्या, मागे घ्या, बस्स. हँडब्रेक ओढा." भांडायचीही पंचाईत झाली. एकदा आई रागानं लाल होऊन एवढंच म्हणू शकली, "मंगळवारी तयार होईल!"

थोड्याच दिवसांत चिमणीकडे शब्दांची जी काही पुंजी होती, तीही आटली. डॉक्टर खूश झाले. "बघा, गोंधळ कमी झाला."

आत्या या देशात बरीच वर्षं आधी आली होती, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. ती दर आठवड्याला यायची आणि दारातूनच सुरू व्हायची. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. लाडोबा करून ठेवलंय नुसतं."

"वन्सं, जरा हळू बोला ना, तिला त्रास होतो," आई म्हणायची.

"मी हळूच बोलतेय!" आत्या भिंती हादरवत म्हणायची.

अशात कुटुंब आधार केंद्राचा समन्वयक घरी आला. गळ्यात ओळखपत्र, आवाज इतका बारीक की बाबांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"बाहेरून आलेल्या आणि अशी मुलं असलेल्या कुटुंबांसाठी मेळावा आहे. तुम्हाला आधार मिळेल."

"म्हणजे काय मिळेल?" बाबांनी विचारलं.

"आधार."

"ते कळलं. पण काय?"

समन्वयक विचारात पडला. "चहा आहे," तो शेवटी म्हणाला.

मेळावा भर दुपारी एका मोठ्या हॉलमध्ये होता. छताला पांढरेफटक दिवे, चारी कोपऱ्यांत स्पीकर आणि मुलांना आनंद व्हावा म्हणून फुगे. पहिला फुगा फुटला तसा मुलांचा आनंद हॉलभर पसरला. कुणी कान झाकून किंचाळलं, कुणी खुर्चीखाली शिरलं, एकानं दाराकडे धाव घेतली. चिमणी आईच्या कोटात तोंड खुपसून थरथरत होती. स्टेजवर केंद्राच्या संचालिकाबाई "मुलांचं म्हणणं ऐकायला शिका" या विषयावर माईकमधून बोलत होत्या. एक स्वयंसेविका रांगारांगांतून वाकून विनवत होती, "मुलांना जरा गप्प करता का? बाई मुलांविषयी बोलतायत."

मग पालकांचं मनोगत. संचालिकाबाईंना आईचा कोट सुबक दिसला असावा. त्यांनी तिलाच स्टेजवर बोलावलं. चिमणी कोटाला बिलगूनच वर गेली. सोबत दुभाषी बाई दिली. ती आईच्याच देशातली होती, फक्त भाषा दुसरी. "चालतंय, तुमच्याच बाजूची आहे," संचालिकाबाई म्हणाल्या.

आई घाबरली होती, पण चिमणीची थरथर तिच्या हाताला लागत होती. ती आपल्या भाषेत म्हणाली, "हा माईक बंद करा. हे दिवे घालवा. पोरांना सहन होत नाहीये."

दुभाषी बाईला अर्धंमुर्धं कळलं आणि उरलेलं तिला सवयीनं पाठ होतं. "त्या म्हणतात, केंद्रानं आम्हाला आवाज दिला. आमच्या आयुष्यात प्रकाश आणला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं पुन्हा किंचाळली.

आईला इथली भाषा फारशी बोलता येत नसली, तरी समजायला लागली होती. ती दुभाषीकडे बघत राहिली. मग चिमणीला घेऊन स्टेजवरून उतरली, भिंतीपाशी गेली आणि तिथली सगळी बटणं एकामागून एक खाली ओढली.

दिवे गेले, स्पीकर गेले. उंच खिडक्यांतून तेवढा मऊ उजेड येत राहिला. मोठी माणसं दचकून गप्प झाली. अंधारात माणूस आपोआप कुजबुजतो. आणि हळूहळू मुलंही शांत झाली. खुर्चीखालचा मुलगा बाहेर आला. चिमणीनं कोटातून तोंड काढलं. भिंतीपाशी बसलेल्या एका बाईच्या पर्सला चेन होती, ती तिला दिसली. ती बाई बेकरीत काम करायची, कुठल्यातरी तिसऱ्याच देशातली. तिनं पर्स चिमणीपुढे धरली आणि हातवाऱ्यांनी आईला सांगितलं की तिचा मुलगासुद्धा असाच, त्याचं मन फिरणाऱ्या चाकांत. दोघी हसल्या. आई मग थोडी रडली आणि बेकरीवालीही रडली, त्याला दुभाषी लागला नाही.

"हे फार अभिनव आहे," संचालिकाबाई अंधारात पुटपुटल्या.

पुढच्याच महिन्यात केंद्रानं 'अंधारातून आधाराकडे' हा उपक्रम जाहीर केला. उद्‌घाटनाला बँड होता, आणि अंधार सगळ्यांना नीट दिसावा म्हणून झगझगीत फोकस मागवले होते.

आई गेली नाही. तिनं दुकानाच्या मालकिणीला विचारलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मागची खोली उघडली. बेकरीवाली मुलाला घेऊन आली, मग आणखी दोन-तीन कुटुंबं. तिथे कुणी भाषण करत नसे. आईनं डॉक्टरांचा सल्लाही गुंडाळून ठेवला. चिमणीला मांडीवर घेऊन ती तिच्याशी आपल्या भाषेत, पोटातून येईल ते बोलू लागली. बाबाही मनसोक्त बोलू लागले, आणि कळलं की गृहस्थ मुळात बडबडे आहेत.

एका सुट्टीला आत्या कुतूहलानं आली आणि दारातूनच सुरू झाली. चिमणीनं चेन अर्ध्यावर थांबवली.

"आत्या, हळू," ती आपल्या भाषेत म्हणाली.

आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ पदरानं चष्मा पुसत राहिली. मग भावाच्या कानाशी लागून, कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू काहीतरी बोलली.

त्याच सकाळी समन्वयकही आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. बूट हातात घेऊन तो उंबऱ्याशी उभा राहिला.

"केंद्रातर्फे आलात?" बाबांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. कानांतले कापसाचे बोळे त्यानं काढून खिशात टाकले. "मलाही माईकचा आवाज लहानपणापासून सहन होत नाही. बसू का इथे?"

आईनं गाठोडी सरकवून त्याला जागा करून दिली.